नाळ जरा थांबून कापा, हे नेमकं कुणाला सांगायचं?

थोरलीच्या वेळी नाळ कधी कापतात हा प्रश्न मला पडलाही नव्हता. ऑगस्ट २०१९, पुण्यातलं एक खासगी प्रसूतिगृह, पहिलं बाळंतपण. सातव्या महिन्यात सोनोग्राफीसाठी बसले होते, तेव्हा एक मुलगी पुस्तिका घेऊन शेजारी येऊन बसली. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायचं, पुढे कधी मोठा आजार झाला तर त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) उपयोगी पडतात, असं तिने गोड बोलून समजावलं. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. घरी दोन दिवस चर्चा झाली. "पोरीच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" असं सासूबाईच म्हणाल्या आणि आम्ही ५२,००० रुपये हप्त्याहप्त्याने भरले.

बाळ बाहेर आलं तसे लगेच नाळेला चिमटे लागले आणि कात्री चालली. बाळाला पुसायला पलीकडच्या टेबलावर नेलं आणि माझ्या बाजूला उरलेल्या नाळेत सुई घालून पिशवी भरायला सुरुवात झाली. दीड महिन्याने घरी प्रमाणपत्र आलं. त्यावर जमा झालेल्या रक्ताचं माप लिहिलं होतं, ९४ मिलि. आम्ही ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलं.

पुढच्या वर्षी, जुलै २०२० मध्ये, लॉकडाउन नुकतं सैल झालं होतं. पोर अकरा महिन्यांची. रांगत रांगत कुंडीपाशी जायची आणि माती खायची. माती काढून घेतली की भिंतीचा पोपडा. जेवायला तोंड उघडत नव्हती, तळवे पांढरे दिसत होते, पण रोज समोर असलेल्या लेकराचा रंग उतरतोय हे आपल्याला कळत नाही. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हिच्या ओठांना रंगच नाही." रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.६ आणि फेरिटिन ५. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी.

बालरोगतज्ज्ञांनी बरेच प्रश्न विचारले. जन्माचं वजन किती, दिवस भरले होते का, गरोदरपणात तुमचं हिमोग्लोबिन किती होतं, वरचं दूध कधी सुरू केलं. सातव्या महिन्यापासून दिवसाला चार बाटल्या गाईचं दूध चालू होतं. त्यांच्या मते सगळ्यात मोठं कारण ते. त्यात लोह जवळजवळ नसतं आणि पोट भरल्यामुळे बाळ दुसरं काही खात नाही. मग त्यांनी विचारलं, "नाळ कधी कापली होती? लगेच, की थांबून?" मी डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून पाहिलं. वेळ, वजन, टाके, इंजेक्शनं, सगळं होतं. नाळेबद्दल एक शब्द नव्हता. घरी आल्यावर मला ते प्रमाणपत्र आठवलं. कपाटातून काढलं आणि ९४ या आकड्याकडे किती वेळ बघत बसले ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. जन्माच्या क्षणी बाळाच्या रक्ताचा साधारण एक तृतीयांश भाग नाळेत आणि वारेत असतो. नाळ तशीच राहू दिली तर पूर्ण दिवसांच्या बाळात पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलि आणि तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलि रक्त उतरतं. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. आपल्याला किरकोळ वाटेल, पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाव लिटरच्या आसपास. पुढच्या काही आठवड्यांत यातल्या जास्तीच्या लाल पेशी मोडतात आणि त्यांतलं लोह यकृतात साठवलं जातं. ८० मिलि रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम लोह असतं. आईच्या दुधातलं लोह चांगलं पचतं, पण असतं फार थोडं. सहा महिने अंगावर पिऊन बाळाच्या पोटात दुधातून जेवढं लोह जातं, जवळपास तेवढंच या पहिल्या मिनिटात मिळून जातं.

हे ऐकून मी रडले. डॉक्टर म्हणाले, नाळ लगेच कापल्यामुळेच हे झालं असं कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही, बाटल्या जास्त जबाबदार आहेत. ते खरंच आहे आणि मी ते मान्य करते. पण मला कुणी विचारलंच नव्हतं, हेही खरं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. आम्ही पैसे भरले त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट.

थोरलीला लोहाचे थेंब सुरू झाले, वजनाच्या हिशेबाने. ज्यांच्याकडे हे चालू आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी: थेंब गालाच्या आतल्या बाजूला मागे सोडायचे म्हणजे दात काळे पडत नाहीत आणि दुधात कालवायचे नाहीत. शी काळी होते, घाबरू नका. बाटल्या बंद केल्या. ते पंधरा दिवस घरात कुणी झोपलं नाही. ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन १०.९ झालं. तरी साठा भरून निघावा म्हणून औषध आणखी दोन महिने चालू ठेवलं. माती खाणं महिन्याभरातच थांबलं होतं.

जून २०२३ मध्ये दुसऱ्यांदा दिवस गेले. या वेळी मी पहिल्यापासून ठरवलं होतं, नाळेसाठी थांबायला सांगायचं. ते इतकं अवघड असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुण्यात पहिल्या तीन महिन्यांसाठी ज्या खासगी डॉक्टरांकडे जात होते, त्यांना मी दुसऱ्याच भेटीत विचारलं. "गुगल वाचत बसू नका, ताण येतो," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या भेटीत परत विचारलं तर म्हणाल्या, थांबलं तर बाळाला कावीळ होते आणि तुम्हाला रक्तस्राव होईल. मी गप्प बसले, पण घरी येऊन दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या. काविळीत थोडं तथ्य आहे. जास्तीच्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, तेही जास्त तयार होतं, त्यामुळे काही बाळांना दिव्याखाली ठेवावं लागतं. आईचा रक्तस्राव वाढल्याचं मात्र अभ्यासांत दिसलेलं नाही. वार पडण्यासाठीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन बाळ जन्मल्यावर लगेच देता येतं, त्यासाठी नाळ कापण्याची वाट बघावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची शिफारस एक मिनिटाच्या आत नाळ कापू नये अशीच आहे. आपल्या सरकारच्या २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही नाळ थांबून कापण्याचा समावेश आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नव्हते.

सप्टेंबरमध्ये आम्ही ठरवलं की या वेळी बाळंतपण माहेरी, सातारा जिल्ह्यात, तिथल्या सरकारी रुग्णालयात करायचं. निम्मं कारण पैशाचं होतं. पहिल्या वेळचं बिल कंपनीचे पैसे सोडून ६८,००० झालं होतं. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधं, तपासण्या, नॉर्मल प्रसूतीनंतर तीन आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतं. आमच्या खिशातून सोनोग्राफी एकदा बाहेर केली तिचे १,२०० गेले, तेवढेच. नोंदणी पुण्यात झालेली असली तरी अडत नाही. माता बाल संरक्षण कार्ड आणि त्यावरचा आरसीएच नंबर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, जवळ ठेवायचा. माझी नोंद दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून पहिल्या दिवशी दीड तास इकडून तिकडे फिरवलं, शेवटी गावातल्या आशाताईंनी दहा मिनिटांत काम केलं. आधीच त्यांना सोबत घेऊन गेले असते तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. आईच्याच अंगात लोह कमी असेल तर बाळाला कुठून देणार, ही काळजी मला नाळेपेक्षा मोठी वाटायला लागली. रोज एक लाल गोळी चालू होती, ती दोन केली. जंताची गोळी दिली. मला मळमळ व्हायची, निम्म्या गोळ्या चुकायच्या, ते मी सिस्टरना खरं सांगितलं. मग एक दिवसाआड सलाईनमधून आयर्न सुक्रोजचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या लोहाच्या औषधाचे, पाच डोस झाले. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन चार तास. पहिल्या डोसला छातीत धडधडलं, तेव्हा सिस्टरनी थेंब हळू केले. आई सकाळी डब्यात अळिवाचा लाडू द्यायची आणि गोळीनंतर दोन तास चहा मिळायचा नाही. हे सगळ्यात कठीण गेलं. कॅल्शियमची गोळी रात्री, लोहाची दुपारी, एकत्र कधीच नाही. जानेवारीत ११.० झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक भेटीला वेगळे डॉक्टर असायचे. मी तिघांना सांगितलं, तिघेही "हो, थांबतो आम्ही" म्हणाले. मला बरं वाटलं. मग आठव्या महिन्यात आशाताई म्हणाल्या, "ताई, डॉक्टरला सांगून काय होतंय? रात्री डिलिव्हरी झाली तर पोर सिस्टर घेणार." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिमटा ज्याच्या हातात आहे त्याला सांगायला हवं आणि त्या रात्री तो कुणाच्या हातात असेल हे आज कुणालाच माहीत नाही.

मी प्रसूतीकक्षाच्या प्रमुख सिस्टरना भेटले. एका गुरुवारी दुपारी, जेवणानंतर. सकाळी जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो. मी थोरलीची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या प्रशिक्षणात एक ते तीन मिनिटं असंच शिकवलंय. पण रात्री तीन बायका एकदम आल्या की हात आपोआप चालतो. लिहून असेल तर आठवण राहते." त्यांनीच सुचवलं की पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. मी कार्डाच्या वरच्या बाजूलाही मोठ्या अक्षरांत लिहिलं: "बाळ आणि आई ठीक असल्यास नाळ १ ते ३ मिनिटांनी कापावी." डॉक्टरांनी खाली सही केली. "ठीक असल्यास" हे शब्द सिस्टरनी सांगितले म्हणून घातले आणि ते फार महत्त्वाचे आहेत. बाळ रडलं नाही, श्वास घेत नसेल, आईला जोरात रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल, तर त्यांना नाळ कापून लगेच कामाला लागावं लागतं. तिथे आपण हट्ट धरायचा नाही. मी मनाची तशी तयारी केली होती.

घरी आजीला सांगितलं तर तिला यात नवल काय तेच कळेना. ती तिच्या सासूबरोबर गावातली बाळंतपणं बघायची. "वार पडंस्तवर नाळंला हात न्हाय लावायचा, असं आमची म्हातारी सांगायची," एवढं बोलून ती शेंगा सोलायला लागली.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार. रात्री दहाला कळा सुरू झाल्या, साडेअकराला रुग्णालयात. आईला सोबत आत येऊ दिलं. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई थांबू शकते, हे विचारून घ्या, अनेकींना माहीत नसतं. माझ्या ओळखीच्या प्रमुख सिस्टर अर्थातच नव्हत्या. रात्रपाळीच्या सिस्टर वयाने लहान होत्या. आईने हातात कार्ड घेऊन त्यांना ती ओळ दाखवली. "वाचलंय मावशी, केसपेपरवर पण आहे," त्या म्हणाल्या. पुढचे काही तास मला सलग आठवत नाहीत. शेजारच्या टेबलावर आणखी एकजण होती, तिचा आवाज आठवतो.

पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी बाळ आलं आणि लगेच रडलं. मुलगी. सिस्टरनी तिला पुसून माझ्या पोटावर ठेवलं, कोरड्या कापडाने झाकलं, डोक्यात टोपी घातली. कुणीतरी माझ्या मांडीत इंजेक्शन दिलं. सिस्टरनी नाळ दोन बोटांत धरली, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी विचारलं, "कापली का?" "नाही हो, अजून ठोके लागतायत." ती नाळ मला मान उचलून दिसत होती, जाड, निळसर, पिळाची. थोरलीची नाळ मी पाहिलीच नव्हती. पोटावर ओलं, गरम, रडणारं लेकरू आणि कुणालाही घाई नाही. आई हळू आवाजात आकडे मोजत होती. मग ती नाळ पांढुरकी आणि मऊ पडली, आणि सिस्टर म्हणाल्या, "आता कापते." दोन मिनिटं झाली होती. केसपेपरवर त्यांनी तसं लिहिलंही, मी दुसऱ्या दिवशी फोटो काढून ठेवला.

वजन २ किलो ९००. सगळं ठीक. आणि तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं.

बिलिरुबिन १८.१. नवजात कक्षात दिव्याखाली ठेवलं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, पण "त्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्याच ना," एवढं म्हणाल्या आणि ते मला सुईसारखं टोचलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं बाळ काचेतून बघताना मला वाटलं, मीच हे ओढवून घेतलं. तिथल्या बालरोग डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, नाळेमुळे थोडा वाटा असू शकतो, नसूही शकतो. लगेच नाळ कापलेली बाळंही रोज दिव्याखाली असतात. कावीळ आपण मोजू शकतो आणि उतरवू शकतो, मात्र लक्ष ठेवायला हवं. दर दोन तासांनी जाऊन पाजायचं, दूध जितकं जाईल तितकी शी होईल आणि कावीळ उतरेल. २६ तासांनी आकडा १२.९ वर आला. पाचव्या दिवशी घरी. म्हणून थांबायला सांगणाऱ्या प्रत्येकीला मी हेही सांगते: तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळाला उजेडात, नैसर्गिक प्रकाशात, नीट बघा. पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त पडलं, पिईना झालं, तर त्याच दिवशी दाखवा. सकाळचं कोवळं ऊन देऊन घरी वाट बघू नका.

पुढचे महिने नेहमीसारखे गेले. आशाताई ठरलेल्या दिवशी येऊन वजन करायच्या. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. ऑगस्टमध्ये मी स्वतःहून रक्त तपासून घेतलं, खासगी लॅबमध्ये हिमोग्लोबिनचे २५० आणि फेरिटिनचे ७०० रुपये. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ३८. निरोगी बाळाला ही तपासणी करावीच असं नाही. माझ्या मनात भीती होती म्हणून केली.

या दोन आकड्यांवरून मी काही सिद्ध करत नाही. या वेळी माझं हिमोग्लोबिन बरं होतं, बाटली नव्हती, सगळंच वेगळं होतं. दोन मुलींची तुलना म्हणजे अभ्यास नव्हे. खरे अभ्यास आहेत. स्वीडनमध्ये ४०० बाळांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाळ तीन मिनिटांनी कापलेल्या बाळांपैकी ०.६ टक्के बाळांत चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता होती. दहा सेकंदांत कापलेल्यांत ५.७ टक्के. पण मला आपल्या जवळचा वाटतो तो नेपाळचा. काठमांडूत ५४० बाळं होती, अभ्यास २०१७ मध्ये आला. बाळं आठ महिन्यांची झाली तेव्हा नाळ थांबून कापलेल्यांपैकी ७३ टक्के ॲनिमिक, लवकर कापलेल्यांपैकी ८२.२ टक्के. फरक आहे, आणि तरीही थांबलेल्यांतली ७३ टक्के बाळं ॲनिमिकच होती. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. तेव्हा नाळ थांबून कापली म्हणून सहाव्या महिन्यानंतर निर्धास्त बसता येत नाही. धाकटीला सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलि लोहाचं सिरप चालू आहे, आशाताईंनी दिलेली बाटली, मंगळवार आणि शुक्रवार. डाळ-तांदळाची पेज, त्यात लिंबाचे दोन थेंब, अंड्यातलं पिवळं, मेथीचं नुसतं पाणी नव्हे, मेथीची पानंच शिजवून कुस्करून. गाईचं दूध वर्षाच्या आत नाही, यावर सासूबाई आता माझ्यापेक्षा कडक आहेत.

धाकटी नऊ महिन्यांची झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लशीच्या दिवशी, मी त्या रुग्णालयात पेढे घेऊन गेले. रात्रपाळीच्या त्या सिस्टरची बदली झाली होती. प्रमुख सिस्टरनी केसपेपरच्या नव्या छापील नमुन्यात एक रकाना पेनाने आखून घेतलाय, तो दाखवला: "नाळ कापली – किती मिनिटांनी."

कपाटातलं ते प्रमाणपत्र अजून आहे. कंपनीला मी दोन पत्रं पाठवली, साठवण बंद करायची आणि उरलेले पैसे परत मिळतील का ते विचारलं. पैसे मिळणार नाहीत असं उत्तर आलं.

माझ्या नणंदेला आता नववा महिना आहे, नाशिकला. बाळ पायाळू असल्यामुळे तिचं सिझर ठरलंय. तिला वाटलं होतं सिझरमध्ये हे चालत नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळ रडलं तर अर्धा ते एक मिनिट नक्की थांबू. काल तिने फोन करून विचारलं, "वहिनी, कार्डावर नेमकं काय लिहिलं होतं गं तू?" मी तिला फोटो पाठवला. तिची तारीख १९ आहे.